पेटत्या चुलीपाशी

आगरदांड्याच्या खाडीकाठच्या त्या गावाला आसपासचे लोक पैसेवाल्यांचं गाव म्हणत. घरटी एक माणूस आगबोटीवर, नाहीतर आफ्रिकेत दुकानावर. घरांवर मंगळुरी कौलं, माजघरात काचेच्या हंड्या. अशा गावात नसीबा लोकांचं भात कांडून पोट भरायची. नवरा तरणाच गेलेला, मूलबाळ नाही. मजुरीत तिला कोंडा आणि कण्या मिळत. कोंडा ती म्हशीवाल्यांना द्यायची, कण्यांची पेज करून प्यायची.

कुठल्या घरून किती भात कांडायला येतं, यावरून त्या घरातलं सगळं तिला कळायचं. पाहुणे आले, लेक माहेरी आली, म्हातारं अंथरुणाला खिळलं. पण या घरचं त्या घरी नेणारी बाई ती नव्हती.

एकोणीसशे एकतीस साली साऱ्या जगाचा व्यापार बसला आणि आगबोटी परक्या बंदरांत नुसत्या उभ्या राहिल्या. शेजारच्या हुस्नबानूचा नवरा करमअली बोटीवर भट्टीत कोळसा मारायला होता. त्याची मनिऑर्डर आधी उशिरा येऊ लागली, मग थांबलीच. हुस्नबानूचं भात दोन पायल्यांवरून एका पायलीवर आलं. एके दिवशी सूप पुढे ओढत ती म्हणाली, "खाला, या वेळी कण्या राहू देत. कोंबड्यांना होतील."

तिच्या कोंबड्या दोन महिन्यांपूर्वीच विकल्या गेल्या होत्या. नसीबानेच त्या गिऱ्हाईकाकडे पोचवल्या होत्या. तिने कण्या फडक्यात बांधून हुस्नबानूच्या हाती दिल्या.

पुढे एकदा भरदुपारी नसीबा तिच्याकडे गेली. तिन्ही पोरं सुकटीशी भाकरी खात होती आणि आई चुलीपाशी रिकामा तवा पुसत बसली होती.

"तू जेवलीस गं?"

"कवाच. पोरांच्या आधी."

बांगड्या कोपरापर्यंत चढत होत्या तिच्या. नसीबा जवळ सरकून हळूच म्हणाली, "बानू, जमातीच्या मुकादमांच्या कानावर घालू का?"

"न्हाय खाला!" हुस्नबानूने तिचा हात घट्ट धरला. "तुला कुराणाची आण हाय. करमअलीच्या दारात खैरात आली म्हणतील लोक. माझी चूल पेटतेय ना रोज?"

गावची जमात काही अगदीच कठोर नव्हती. जमातीचे मुखिया शब्बीर मुकादम स्वतः फिरून बघत आणि ज्या घराची चूल थंड, त्या घरी भात पोचवत. त्या साली अशी तीन घरं निघाली. हुस्नबानूच्या कौलांतून रोज धूर निघत होता, त्यामुळे तिच्या दारात कोणी थांबलंच नाही. नसीबा आपल्या कण्यांतल्या मूठभर तिच्या उंबऱ्यावर ठेवून यायची. त्याही पोरांच्याच पानात जायच्या.

पावसाळा सरता सरता तापाची साथ आली. गाव चार-सहा दिवस कण्हलं आणि उठलं. हुस्नबानू उठली नाही. मुरुडहून आलेल्या हकिमाने तिचा हात खाली ठेवला आणि एवढंच म्हटलं, "ताप साधाच होता. सोसायला अंगात काही उरलं नव्हतं."

तिसऱ्या दिवशी मुकादमांच्या पडवीत माणसं जमली. पोरांना कोणी सांभाळायचं, याची बोलणी चालली होती. मुकादम म्हणाले, "अल्लाची मर्जी. तापच वाईट होता."

"ताप तर सगळ्यांनाच आलेला," दाराआडून आवाज आला. एवढ्या पुरुषांपुढे नसीबा आयुष्यात पहिल्यांदा बोलत होती. "तुम्ही चूल बघता, मुकादम. तिची रोज पेटत होती. पेटत्या चुलीपाशी शेवटी बसणारी बाई काय खाते, हे इचारलं कुणी? उद्याचं कसं, हा घोर लागला का माणूस आजच अर्धं जेवतं. भूक तिथनंच सुरू होते. चूल थंड व्हायची वाट बघत बसलात, तर भात न्हाय, कफन न्यावं लागतं."

कोणीतरी चिडून म्हणालं, "मग तू का गप्प राहिलीस?"

"आण घातली होती तिनं." नसीबा दाराआडून पुढे आली. "मी आण राखली आन् बाई घालवली. माझा गुन्हा तुमच्याहून मोठा हाय."

त्यानंतर गावात ठरलं, की जमातीचं भात नसीबाच्या पडवीत ठेवायचं. गावाचं भात नाहीतरी टोपल्यांतून तिच्याकडेच कांडायला येई. कोणाच्या टोपलीत किती भर घालायची हे तिने ठरवायचं आणि भर कोणाला घातली ते तिला कोणी विचारायचं नाही. पहिल्याच महिन्यात तिने पाच टोपल्यांत भर घातली. त्यांतल्या तीन मंगळुरी कौलांच्या घरच्या होत्या.

हुस्नबानूची पोरं नसीबाकडेच राहिली. दीड वर्षाने करमअली परतला तेव्हा त्याच्या खिशात बायकोची सगळी पत्रं होती. "प्रत्येकात लिहायची, आम्ही पोटभर जेवून खुशाल आहोत," तो म्हणाला, आणि पत्रं छातीशी धरून लहान मुलासारखा रडला. नसीबाने त्याच्यापासून काही लपवलं नाही, कण्यांचंसुद्धा. महिनाभराने त्याला पुन्हा बोट मिळाली आणि तो गेला.

मग घरात पैसा नेमाने येऊ लागला. तरी हुस्नबानूची धाकटी जैनब रोज रात्री जेवताना अर्धी भाकरी ओढणीत गुंडाळून उशाखाली ठेवायची. सकाळी ती वाळून कडक झालेली असे. नसीबा तिला कधी रागावली नाही. ती तुकडे गोळा करायची, पाण्यात भिजवायची आणि स्वतः खायची.