बापूदाचं रिंगण

आमचा बापूदा, म्हणजे माझा आतेभाऊ, जवळचं माणूस भेटलं की नमस्काराऐवजी त्याच्या कानाजवळून लाथ फिरवायचा. लागायची नाही. माझ्या लग्नात त्यानं ती सासऱ्यांवरून फिरवली. त्यांच्या हातातलं लाडवाचं ताट गेलं आणि त्याबरोबर सासुरवाडीतली माझी पतही. ती अजून परत यायचीय.

"मारायची न्हाई रं, नुसती दावायची," तो म्हणायचा. "मारली की खेळ सपला."

खेळाचं नाव कपोएरा. साखर कारखान्यातला फिटर बापूदा यंत्रं बसवायला ब्राझीलला गेला आणि तीन वर्षांनी हे घेऊन आला. आम्ही चॉकलेटांची वाट बघत होतो.

"आफ्रिकेतनं धरून आणल्याली माणसं तिथं उसात राबायची, गड्या. त्यांनी मारामारी नाचात लपवली. सरकारनं बंदी घातली तरी जपली. रिंगणात वाद्य बोलाय लागलं की त्यांची मेलेली माणसं बी येत्यात. म्हणून जमिनीला हात लावूनच आत जायचं."

वाद्य म्हणजे एक धनुष्य. काठीला जुन्या टायरमधली तार आणि खाली मिरजेच्या तंबोरेवाल्यानं नापास केलेला भोपळा. एका हातानं तारेला दगड टेकवायचा, दुसऱ्यानं तिच्यावर काडी मारायची.

विश्रामबागेतल्या त्याच्या गच्चीवर दर रविवारी पंचवीसेक पोरं यायची. मग एका पालकानं विचारलं, "आवं बापू, पोलीस भरतीत ह्याचं मार्क धरत्यात का?"

"न्हाई."

पुढच्या रविवारी आठ आली. दिवाळीनंतर उरलो मी, बँकेतला कारकून, पोट माझ्याआधी जिना चढणारा. हातांवर एकदाच उभा राहिलो. उतरवायला वहिनींना तव्यावरची पोळी सोडून यावं लागलं.

"दोघांचं रिंगण हुत न्हाई," बापूदा म्हणाला. "तू निदान वाजवाय शीक. वाजवणारा हाय तवर खेळ हाय. माझ्यामागं दुसरं कोण हाय हितं?"

मी म्हणायचो, पुढच्या रविवारी नक्की. एक ताल शिकलो, तोही अर्धामुर्धा. आणि एका सकाळी त्याची उजवी बाजू गेली, वाचाही गेली.

मी खाटेशेजारी बसून वाजवलं. त्यानं डावा हात हलवला: नाही. मी हळू वाजवलं. नाही. तार सैल केली, दगड वर धरला, काडी बदलली. नाही. काहीतरी चुकत होतं, त्याला ते माहीत होतं आणि त्याला सांगता येत नव्हतं. मोबाईलवर शोधून ब्राझीलमधल्या कुणाचं तरी वाजवणं ऐकवलं, तर डोळे मिटून ऐकत राहिला. मग मी वाजवलं. या वेळी हातही हलला नाही. त्यानं तोंड भिंतीकडे वळवलं.

चौथ्या दिवशी तो गेला.

तेराव्याला पाहुण्यांनी आग्रह केला म्हणून मी वाजवलं, जसं येत होतं तसंच. वहिनींनी पदर डोळ्यांना लावला. म्हणाल्या, "अगदी ह्यांच्यासारखं वाजवता, भावजी."

सगळ्यांनी माना डोलावल्या. नाही म्हणणारं तिथं कुणीच नव्हतं.