सासरे चर्चमध्ये आले तो रविवार
बाळाच्या पावडरीचा वास आला की मला माजरीच्या कोळसा खाणीजवळचं आमचं पत्र्याचं चर्च आठवतं. खिडक्यांच्या गजांवर कोळशाची धूळ साचायची आणि उपासनेआधी बाया ती ओल्या फडक्याने पुसायच्या. त्या रविवारी आमच्या तान्ह्या मुलाचं अर्पण होतं, म्हणजे प्रार्थना करून बाळाला देवाच्या हाती सोपवायचं होतं. माझे सासरे आरमोरीकडच्या एका गावात तलावावर मासेमारी करायचे. मुलीने, म्हणजे माझ्या बायकोने, आमच्या ख्रिस्ती घरात लग्न केलं तेव्हापासून ते तिच्याशी बोलत नव्हते. निरोप मी पाठवला होता, पण ते येतील असं आम्हा दोघांनाही वाटलं नव्हतं. गाणं संपता संपता ते दारात येऊन उभे राहिले. "या ना भाऊ, आत या," पाळक म्हणाले. "मी इथीच बरा," एवढंच ते बोलले. पाळकांनी मुलाला हातात घेतलं तसा तो इतका रडू लागला की प्रार्थना कोणाला ऐकू येईना. बायको पुढे झाली, पण तोवर सासरे चपला काढून आत आले होते. "मायाजवळ द्या त्याले," ते म्हणाले. पाळकांनी दिला. रडणं काही थांबलं नाही. मुलाच्या डोक्यावर हात ठेवून पाळकांनी तशीच प्रार्थना पूर्ण केली. मी हळूच डोळे उघडून पाहिलं, तर बाकी सगळ्यांचे डोळे मिटलेले होते, सासरे मात्र नातवाकडे बघत उभे होते. आमेन झाल्यावर त्यांनी त्याला मुलीच्या हातात दिलं. "तुयासारखाच रडते," ते तिला म्हणाले. तो मुलगा आता कॉलेजात शिकतो. सासरे त्यानंतर कधी चर्चमध्ये आले नाहीत, पण शेवटपर्यंत दर उन्हाळ्यात महिनाभर लेकीकडे राहायला येत.