चित्रातला बाप, होडीतला बाप

मी मुळातच संशयी. बोईसरच्या बाजारात मासळी घेऊन बसते. तिथे गिऱ्हाईक पापलेटचा कल्ला उचलून माझ्यावर संशय घेतं आणि मी त्याच्या गोड बोलण्यावर. त्यामुळे लेक कॉलेजातून आली आणि म्हणाली, "आई, आम्ही ॲनिमे खऱ्या माणसांचं करतोय," तेव्हा कोलंबी सोलता सोलताच मी विचारलं, "का गं? चित्रातल्यांनी काय घोडं मारलंय?"

ॲनिमे म्हणजे जपानी लोकांचा चित्रांचा सिनेमा, हे मला तिनेच शिकवलेलं. तिच्या आवडत्या ॲनिमेत समुद्राकाठची एक मुलगी आहे. बाप मासेमारीला जातो आणि एक दिवस होडी परत येते ती जाळ्याखाली मेलेल्या बापाला घेऊन. मी ते मोबाईलवर पाहिलं होतं. डोळे बशीएवढे, नाक नावापुरतं, बापाचे केस चक्क निळे! तरी खोटं कशाला बोलू, पदर भिजला माझा. रडले, डोळे पुसले आणि उठून कालवणाला फोडणी दिली. चित्रातलं मरण असं परवडतं.

आता कॉलेजच्या स्पर्धेसाठी नेमका तोच होडीचा प्रसंग करायचा होता, आमच्या मुरब्याच्या किनाऱ्यावर. "आणि बाप कोण होणार?" मी विचारलं.

"बाबा."

माझं डोकंच फिरलं. "ज्याचं पोट दर्यावर, त्याने मेल्याचं सोंग आणायचं नसतं!"

"आई, अंधश्रद्धा आहे ही. चित्र बघून लोक म्हणतात, काय सुंदर काढलंय. खरा माणूस दिसला तर त्यांना वाटेल, हे आपल्याच घरातलं आहे."

"तेच नकोय मला! चित्राची घरी कोणी वाट बघत नसतं."

पण आमचे हे लेकीपुढे लोणी. "पोरीनं सांगितलाय तर करू ना. आपला काय जाताय?" झालं! मी महिनाभर तोंड वाजवलं, पण ऐकतो कोण?

ठरल्या दिवशी लेकीच्या मैत्रिणीने निळ्या केसांचा टोप आणला. यांनी तो घातला आणि सासूबाई देवाला हात जोडून आत गेल्या. शेवटी टोप काढला आणि हे आपल्या रोजच्या शर्टातच निघाले. सगळ्यांना ते बरं वाटलं. मला नाही. टोपात ते निदान दुसरे कोणी तरी दिसत होते.

किनाऱ्यावर हे छोट्या होडीत आडवे झाले आणि अंगावर जाळं ओढून घेतलं. दिराने होडी जरा आत नेऊन सोडली आणि पोहत बाजूला झाला. भरतीचं पाणी तिला आपसूक काठाला आणणार. ती वाळूला टेकली की मोबाईलवर शूटिंग करणारी लेक ओरडणार "कट" आणि हे उठणार. मी लांब उभी राहून पुटपुटत होते.

आमच्याकडे होडी दिसली की बायका आधी डोकी मोजतात, मासळी नंतर. मोजायचं म्हणून कोणी मोजत नाही, डोळेच मोजतात. बाजूला बोंबील वाळत घालणाऱ्या बायकांनी मान वर केली, आमची होडी ओळखली आणि त्यांना एकही डोकं दिसेना. एकीच्या हातातली पाटी खाली पडली.

"अगो बाय, कोण नाय होडीत!"

सगळ्याजणी धावल्या. "अगं थांबा, शूटिंग आहे, शूटिंग!" मी ओरडत होते. ओरडत होते आणि मीही धावत होते. मला सगळं माहीत होतं, तरी पाय ऐकेनात.

होडी वाळूला टेकली. लेक ओरडली, "कट!"

जाळं हललं नाही.

"बाबा, कट!"

काहीच नाही. "बाबा?" तिचा आवाज एवढासा झाला. मग हातातला मोबाईल वाळूत पडला आणि ती आम्हा सगळ्यांच्या पुढे जाऊन होडीवर कोसळली. जिने स्वतः बापाला होडीत निजवलं होतं, ती दोन्ही हातांनी जाळं ओरबाडत होती.

आत हे तोंड उघडं टाकून घोरत होते. पहाटेच दर्यावरून आलेले, डोळ्याला डोळा लागला नव्हता. जाळ्याखाली छान सावली मिळाली, लागली झोप!

"काय झाला? परत करायचा काय?" हे डोळे चोळत उठले.

"झोपलात कशाला? कशाला झोपलात?" लेक त्यांच्या छातीवर गुद्दे मारत हमसून हमसून रडायला लागली. बायकांनी यांना शिव्यांची लाखोली वाहिली. एवढं भांडून मीच खरी ठरले होते, पण जाळं हललं नाही त्या घटकेला मला कुणी विचारलं असतं, तर खोटी ठरायला मी हजारदा तयार होते.

मैत्रिणीने वाळूतला मोबाईल उचलला. तो चालूच राहिला होता. "अगं, तुझा आवाज काय आलाय! एकदम खरा. हेच पाठवू. ॲनिमेतली मुलगीही अशीच धावते ना?"

"ती धावते, कारण तिला माहीत असतं की बाप गेलाय," लेक नाक पुसत म्हणाली. "मला माहीत होतं, माझा आहे. तरी धावले."

मैत्रिणीच्या हातातून मोबाईल घेऊन तिने एका हाताने ते सगळं शूटिंग पुसून टाकलं. दुसऱ्या हाताने बापाचं मनगट धरलं होतं, ते घर येईपर्यंत सोडलं नाही.