डोळा असलेलं टिपरं

इंग्रजीत दोनदा आपटल्यावर मी कळसाडीला घरी येऊन बसलो होतो. मॅट्रिकचा हा तिसरा फेरा. थोरल्या भावाने एकदाच सांगितलं, "औंदा नापास व्हयना ते नांगर धर." त्याचं चुकत नव्हतं, म्हणूनच मला जास्त राग येई.

माझे वैरी म्हणजे लांबलचक शब्द. मास्तरांनी ते तोडून वाचायला शिकवलं होतं, म्हणून मी तोडत सुटायचो. अन-फॉर-च्यु-नेट-ली. पाच तुकडे, सगळे तोंडपाठ, आणि अर्थाच्या नावाने शंख.

माघात उसाची लागण होती. वहिनी खळ्यात बेण्याची टिपरं, म्हणजे लावायचे उसाचे तुकडे, तोडत बसली होती. घोकून कंटाळलो तेव्हा मीही कोयता उचलला आणि वीतवीतभर टिपरं धडाधड पाडली. तिने त्यातली निम्मी बाजूला टाकली.

"भाऊ, तू नुस्ता तोडी ऱ्हायना. डोया कुठे शे ते दख. बिगर डोयाना टिपराले कोंब कुठून फुटी?"

पेरावरचा बारीक डोळा तिने अंगठ्याने दाखवला. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई मला शिकवते, म्हणून मी फणकारलो. पण वही उघडली. मधोमध 'फॉर्च्युन' होतं, म्हणजे नशीब. ते मला येत होतं, आणि मीच त्याच्यावर कोयता चालवला होता. पुढचं 'अन' नकाराचं, मागचं 'ली' नुसतं शेपूट. दुर्दैवाने, एवढाच अर्थ.

मग ती बेणं तोडी आणि मी शब्द. "डोया सापडना का?" एवढंच ती विचारी.

परीक्षेत 'अनप्रॉफिटेबल' आला. जन्मात पाहिला नव्हता. 'प्रॉफिट' मात्र कापसाच्या दलालांच्या तोंडी रोज ऐकलेला. तिथून दोन्ही बाजू उलगडल्या आणि उतारा हाती लागला.

पास झाल्याचं मी आधी वहिनीला सांगितलं. तिने हात पुसले, आत जाऊन माझी जुनी पाटी आणली आणि पुढ्यात ठेवली.

"मंग आते माले शिकाड."

पाटी स्वच्छ होती. कधी धुतलीस, विचारलं.

"आपण बेणं तोडी ऱ्हायंतूत ना, तवयच."

मला फार लाज वाटली. इतके महिने मी तिच्याकडून घेत होतो आणि तिला काही द्यावं हे एकदाही सुचलं नव्हतं. भाऊ शेतातून यायच्या आत आम्ही पहिलं अक्षर गिरवलं.