मोगऱ्याचं पाणी तोडलं तेव्हा

भंडारा जिल्ह्याचे दोन तुकडे होऊन गोंदिया वेगळा झाला, तेव्हा बाबांच्या ऑफिसातल्या कितीतरी लोकांच्या बदल्या तिकडे झाल्या. बाबांची झाली नाही. त्या आनंदात त्यांनी शहापूरला, हायवेपासून थोडं आत, प्लॉट घेऊन घर बांधून टाकलं. तोवर आम्ही भाड्याच्या खोल्यांत राहिलेली माणसं. आमची बाग म्हणजे खिडकीतला डालड्याचा डबा. आता पुढे आंगण होतं, मागे भाजीपाल्याला सांदवाडी होती आणि कोपऱ्यात प्लॉटबरोबर आयता मिळालेला कडुनिंब होता.

मी तेव्हा शेजारच्या गावातल्या शाळेत शिकवत होते. दिवसभर पोरांवर ओरडायची सवय, ती घरी येऊनही जात नसे. त्यामुळे आंगणाचा कारभार माझ्याकडे कोणी दिला नाही, मीच घेतला.

आमच्याकडे थंडी सरली की ऊन लगेच दात दाखवायला लागतं. जे काय करायचं ते माघ-फाल्गुनात उरकायचं. जास्वंदीच्या वाढलेल्या फांद्या छाटायच्या, पेरूच्या बुडाशी धानाची तणीस पसरायची म्हणजे ओल टिकते, कुंपणाच्या ढिल्या तारा ओढून बांधायच्या. आणि झाडायचं. कडुनिंब त्या दिवसांत असा काही झडतो की खराटा ठेवून वळलं की मागे पुन्हा आंगण पिवळं. मी त्या झाडाला उभ्या उभ्या शिव्या घालत असे. बाबा म्हणत, "त्याले काहून बोलून राहिली? ते त त्याचं काम करून राहिलं." मी म्हणे, मग माझं कामही त्यालाच सांगा.

बाबा जन्माने धानकरी. ऑफिसात फायली चाळल्या तरी हात मातीतलेच राहिले. लिंबाला आळं करा म्हटलं तर त्यांनी चहूबाजूंनी बांध घालून, काठ थापून, कोपऱ्यात पाणी सोडायला तोंड ठेवून धानाच्या शेतातली असावी तशी चांगली बांधी तयार केली. आता फक्त धानाची रोपं लावायची, रोवणा तेवढा बाकी होता. मी तसं बोलून दाखवलं, तर ते खूश झाले.

पण त्या पहिल्या वर्षी खरी गोष्ट होती फाटकाजवळच्या मोगऱ्याची. घरात राहायला आलो त्याच आठवड्यात आईने तो लावला होता. चौदा एप्रिलच्या जयंतीला फोटोपुढे पांढरी फुलं ठेवायची, हे आमच्या घरात मी जन्मायच्या आधीपासून चालत आलेलं. मात्र ती नेहमी भंडाऱ्याच्या बाजारातली, ओल्या कपड्यात गुंडाळून आणलेली, कडांना तपकिरी पडलेली. आईने दिवाळीतच विहारातल्या सगळ्या बायांना सांगून ठेवलं, "यंदा माह्या घरचे फुलं राहतीन." एवढंच बोलून ती थांबली नाही. एकदोघींना तिने गजऱ्यापुरती कबूलसुद्धा केली. आई कधी काही मिरवणारी बाई नव्हती. तिला असं मिरवताना पाहून मला इतकं बरं वाटलं की मी मनाशी ठरवलं, हा मोगरा जयंतीला फुलवून दाखवायचाच.

माझ्या शाळेत अड्याळच्या एक मॅडम होत्या. त्यांच्या घरचा मोगरा चैत्रात पाहावा असा फुलायचा. त्यांनी मला युक्ती सांगितली. संक्रांतीनंतर मोगऱ्याचं पाणी तोडायचं. बुडाची माती उकरून मुळांना ऊन दाखवायचं. पानं पिवळी पडून गळू द्यायची. याला ताण देणं म्हणतात. शिवरात्रीच्या सुमारास छाटून, शेणखत घालून, मग भरपूर पाणी सोडायचं. झाड असं तहानलं की ते पानं सोडून फुलांच्या मागे लागतं. मधे दया आली आणि पाणी घातलं, तर नुसता पाला.

मी घरी येऊन फर्मान काढलं. मोगऱ्याला कोणी हात लावायचा नाही, थेंब पाणी घालायचं नाही. बाबांचा चेहरा उतरला. "जिवंत झाडाले पानी नाही?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही. आई तांदूळ निवडत राहिली.

दिवस जात होते आणि मोगरा हिरवागार. एक पान पिवळं पडायला तयार नाही. मॅडमना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "कोणीतरी पाणी घालतंय." मी घरात पोलीसपाटलासारखी फिरायला लागले. सकाळी उठून बुडाशी बोट खुपसून पाहायचं, तर माती ओली. नळ गळतो का पाहिलं. पलीकडच्यांच्या न्हाणीचं पाणी येतं का पाहिलं. शेवटी एकदा बाबांना रंगेहाथ पकडलं. दाढी करून झाल्यावर मगातलं उरलेलं पाणी ते मोठ्या साळसूदपणे मोगऱ्यात टाकत होते.

"हे साबनाचं पानी होय, हे त पानी नाहीच," ते म्हणाले.

मी त्यांचा असा काही उद्धार केला की विचारू नका. त्यांनी कान पकडले आणि दाढी मागच्या मोरीवर करायला लागले. चोर सापडला म्हणून मी निर्धास्त झाले. शिवरात्रीला पानं खुडली, छाटणी केली, शेणखत घातलं आणि पाणी सोडलं. पानं पुन्हा आली, मोठी, तेलकट, देखणी. कळी मात्र एक नाही. मी रोज फांद्या उलट्यापालट्या करून पाहायची. आई लांबून विचारायची, "आली का वं?" मी म्हणे, येईल. विहारातल्या बाया येता-जाता फाटकाशी थबकायच्या, मोगऱ्याकडे पाहायच्या आणि काही न बोलता पुढे जायच्या. त्यांचं ते न बोलणं आईला दिसत होतं.

जयंतीच्या दिवशी घर चुन्याने पांढरंशुभ्र, आंगणात रांगोळी, दारावर निळे-पंचरंगी झेंडे, आणि मोगऱ्यावर पाला. बाबा गुपचूप सायकल काढून भंडाऱ्याला गेले आणि ओल्या कपड्यात फुलं घेऊन आले. ते पुडकं पाहिलं आणि माझा तोल गेला. नवे कपडे घालून ते दारात उभे होते, त्यांना आत तरी येऊ द्यायचं. पण मी तिथेच सुरू झाले. तुमच्या त्या मगभर पाण्याने सगळं वाटोळं केलं, आईला चार बायांत खाली पाहायला लावलं, जे तोंडाला येईल ते बोलले. बाबा मान खाली घालून ऐकत राहिले.

आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली.

"त्याईले नको बोलू. मी घालत होती."

मला वाटलं ती त्यांना वाचवते आहे. मी म्हटलं, तू कशाला घालशील, फुलं तर तुलाच पाहिजे होती.

"रोज पहाटे घालत होती. भरला गडवा. त्याईनं पाहालं होतं, पन बोलले नाही." मग ती दारातच खाली बसली. "मी लहान होती तवा माही माय गावच्या विहिरीवर पान्याचा रिकामा गुंड घेऊन उभी राहे. मी तिच्या लुगड्याले धरून. पानी खाली दिसे, पन हात लावाचा नाही. कोनाच्या मनात आलं त वरून ओते. नाही आलं त नाही. ऊन डोक्यावर येई. माय हालत नसे." ती मोगऱ्याकडे पाहत होती. "तू म्हटलं, तहानू द्या, मंग फुलते. असंन बाई. पन मले नाही जमलं कोनाले तसं उभं ठेवाले."

एवढी वर्षं मी तिच्या पोटची मुलगी, आणि हे मला माहीत नव्हतं. मी पोरांना दरवर्षी त्या काळाविषयी शिकवत होते, फळ्यावर मुद्दे काढून. मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही. बाबांनी फुलांचं पुडकं माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "चाल, मेनबत्ती लाव. लोकं येऊन राहिले."

बाजारची फुलं फोटोपुढे ठेवली. विहारातल्या बायांनी विचारलंच. आई हसून म्हणाली, "आमचा मोगरा मनमौजी हाय."

अड्याळच्या मॅडम पुढच्या संक्रांतीला म्हणाल्या, यंदा नीट ताण द्या. मी हो म्हटलं आणि घरी येऊन मोगऱ्यात बकेटभर पाणी ओतलं. तो जयंतीला फुलला नाही. शाळेला सुट्ट्या लागल्या, सगळ्यांचे मोगरे फुलून संपले, तेव्हा एका सकाळी आमच्या फाटकाजवळ घमघमाट सुटला. फुलं मोजकीच होती. आईने ती ओंजळीत घेतली आणि फोटोपुढे ठेवली. त्या दिवशी कसलीच जयंती नव्हती. मग तिने गडवा भरला आणि मोगऱ्याकडे गेली.