आधी झाडाचं, मग मीठ

आम्ही नवराबायकोनं मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे कढीपत्त्याला ताक घालणं. आखातातल्या अजमानच्या आमच्या फ्लॅटची बाल्कनी ती केवढी! दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्यानं आतच थांबायचं. तिथं कापलेल्या निळ्या पिंपात ते झाड. पिंप मी रास अल खोरच्या वर्कशॉपमधून आणलेलं, बुडाला भोकं पाडून. लेथवर जन्म गेला माझा. भोकं कशी पाडायची ते मला कोणी शिकवू नये.

ती ताक घुसळून बाहेर आली. तिचा नियम होता, आधी झाडाचा वाटा काढायचा, त्यात भरपूर पाणी घालायचं आणि मगच उरलेल्या ताकात मीठ.

"अहो, धरा नीट. सांडाल."

"माणसाला वाटीभर मिळत नाही आणि झाडाला तांब्याभर."

"त्याला डोहाळे लागलेत आंबटाचे. तुम्हाला काय लागलंय?"

"बारा महिने डोहाळे? मग बाळंत कधी होणार ते?"

"रोज फोडणीत होतंय की. तुम्ही नुसते गिळता, तुम्हाला काय कळणार!"

मी तांब्या झाडाच्या बुडाशी रिकामा केला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या छातीत कळ आली आणि हॉस्पिटलात नेलं. मुलगा खलिफा सिटीहून गाडी पळवत आला. आईच्या उशाशी उभा राहिला, पण डोळे मशीनवर. "नंबर्स आर गुड, बाबा. नंबर्स आर फाइन." नंबर चांगलेच राहिले म्हणे शेवटपर्यंत. ती राहिली नाही.

मग भेटायला आली माणसं. "सुटल्या बिचाऱ्या," म्हणाली. कशातून सुटली? माझ्यातून? चहा पिऊन वर "जपा हं काका" सांगून गेली. जपायचं काय, ते एकानंही सांगितलं नाही.

मुलानं आमचा अजमानचा भाड्याचा फ्लॅट सोडून दिला आणि मला आपल्या व्हिलात नेलं. मी म्हटलं, येतो, पण झाड येईल माझ्याबरोबर. टेम्पोत मी ड्रायव्हरशेजारी आणि झाड मागे, चादर गुंडाळून. व्हिला म्हणजे काय, तर माणसांपेक्षा बाथरूम जास्त. सून बोलायला गोड आहे, पण तिच्या स्वयंपाकघरात सगळे डबे एकसारखे, पांढरे, वर बारीक इंग्रजी. पोह्यांच्या डब्यात हात घालावा तर कपड्यांची पावडर.

तिथं गेल्या गेल्या मुलगा म्हणाला, "बाबा, रूट्सना जागा नाहीये. इट नीड्स ग्राउंड."

"अरे, ही जमीन चोपण आहे. समुद्रानं टाकून दिलेली. ह्यात खजूर जगेल, कढीपत्ता नाही."

"वी विल फिक्स द सॉइल. चोपण म्हणजेच हाय पीएच. इट्स जस्ट अ नंबर."

झालं. कंपोस्टची पोती आली, गंधकाच्या पिवळ्या पुड्या आल्या आणि एक सळई आली, डोक्यावर छोटा पडदा असलेली. ती मातीत खुपसायची आणि आकडा वाचायचा. त्यानं मला समजावलं, सात म्हणजे ना आंबट ना चोपण, वर गेलं की चोपण, खाली आलं की आंबट. कढीपत्त्याला सातच्या जरा खाली लागतं.

"म्हणजे आंबटाचे डोहाळे," मी म्हटलं.

"व्हॉट?"

"काही नाही. खुपस तू."

हे ज्ञान कुठून आलं म्हणून एकदा मी त्याच्या फोनात डोकावलो. एक दाढीवाला गोरा तंबूत बसून मातीचं आणि पाण्याचं प्रवचन देत होता. मागे जांभळा दिवा आणि दिव्याखाली झाडं. ती पानं मी ओळखली. आमच्या गावच्या देवळामागं बैरागी उतरायचे, त्यांच्या चिलमीतलं पीक ते.

"अरे, हा गांजा आहे!"

"बाबा! हळू बोला! आय नो. पण हे लोक पीएच बेस्ट समजावतात. सॉइल इज सॉइल."

"हे झाड लावलं तर ह्या देशात माणूस जेलात जातो. आणि तू तुझ्या आईच्या कढीपत्त्याला त्याचं पथ्यपाणी लावतोस?"

सून हसून लोळली. मुलगा फोन उचलून आत गेला.

पाण्याचीही तीच तऱ्हा. अजमानला एसीच्या नळीखाली बादली असायची. टपटप करून भरायची, बिनखाराचं पाणी. कमी पडलं तर ती संध्याकाळी नळाचं भरून ठेवायची आणि सकाळी घालायची. इथं एसीचं पाणी गच्चीतून कुठं जातं कोणालाच ठाऊक नाही. मुलानं काळ्या नळ्या अंथरल्या. माती सुकली की यंत्राला आपोआप कळतं आणि पाणी सुटतं. कोणी उठायला नको, कोणी वाकायला नको. फारच सोय.

उन्हाळा चढला आणि पानं करपू लागली. आधी कडा, मग अख्खी डहाळी. हात लावला की खाली. मुलगा रोज सळई खुपसायचा. आकडा सहा आणि काहीतरी यायचा. "परफेक्ट आहे, बाबा. आय डोन्ट अंडरस्टँड."

मी म्हणत होतो, माती वाईट आहे. तो म्हणत होता, माती एकदम बरोबर आहे. ते झाड गेलं असतं तर तिच्या हातची जिवंत अशी एकही वस्तू माझ्यापाशी उरली नसती. साड्या काय, त्या कपाटात जगतात.

एका शनिवारी जेवायच्या आधी झाडाखाली पानांचा सडा बघितला आणि माझा तोल गेला. तो पुन्हा सळई घेऊन निघाला होता.

"बस झालं," मी म्हटलं. "तुझ्या आईचेसुद्धा नंबर चांगलेच होते."

सून पोळी लाटत होती, तिचं लाटणं थांबलं. मुलगा भर उन्हात तसाच बाहेर गेला. मी खिडकीतून बघत होतो. तो झाडापाशी गुडघ्यांवर बसला आणि गळलेली पानं हातानं गोळा करू लागला. तेवढ्यात यंत्रानं पाणी सोडलं.

"आई गं!"

हा पोरगा इथंच वाढला, शिव्यासुद्धा इंग्रजीत देतो. मी अनवाणी बाहेर धावलो. तो हात झटकत होता. मी नळीखाली बोट धरलं. चहा करावा इतकं गरम!

ह्या देशात उन्हाळ्यात गार नळाला गरम पाणी येतं, कारण टाकी गच्चीवर उन्हात तापते. म्हणून आम्ही गीझर बंद ठेवतो आणि त्यात घरातल्या एसीनं निवलेलं गरम नळाचं पाणी गार म्हणून अंगावर घेतो. इथलं शेंबडं पोरही हे जाणतं. माझी सारी नोकरी इथं झाली, मुलाचा तर जन्म इथला. आंघोळीला दोघेही शहाणे. पण माती भर दुपारी सुकते, यंत्र तेव्हाच उघडतं आणि उन्हात पडलेली काळी नळी मुळांवर उकळतं पाणी ओतते, हे दोघांनाही सुचलं नाही. तो आकडा बघत बसला, मी मातीला शिव्या देत बसलो. दोन्ही गाढवं एकाच दाव्याची.

"बाबा, मी तिचं झाड उकडलं," तो म्हणाला. स्वच्छ मराठीत.

"खोडाला नख लावून बघ," मी म्हटलं.

त्यानं साल खरवडली. आत हिरवं होतं, सुतळीएवढं, पण होतं.

ऊन कलल्यावर आम्ही ते उकरून काढलं. मी म्हणेन तिथं तो खणायचा, आणि तो खणायचा ते मला पटायचं नाही. काळी पडलेली मुळं कापली. निळं पिंप गॅरेजात होतं, ते धुतलं. सुनेनं न सांगता दोन बादल्या भरून घरात, सावलीत ठेवल्या. झाड म्हणजे आता पिंपात रोवलेली एक काठी. सळई त्यानं नेऊन ठेवली कुठंतरी. आकडा खोटा नव्हता बिचारा, पण आकड्याला हात नसतो भाजायला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे झोपेत असताना मी फ्रिजमधलं दही काढलं. रवी ह्या घरात नाही. पातेल्यात चमच्यानं घुसळलं, ओट्यावर सांडलं, पुसलं. आधी झाडाचा वाटा काढला, बादलीतलं पाणी घालून पातळ केला आणि काठीच्या बुडाशी सावकाश घातला. पुन्हा आत आलो. माझ्या पेल्यात मीठ घालायचं होतं. सगळे डबे पांढरे. दोन उघडून बघितले, एकात साखर आणि एकात काय होतं देव जाणे. मग पेला उचलला आणि तसंच, बिनमिठाचं, उभ्यानं प्यालो.