फक्त हात दिसले पाहिजेत

आमच्या ग्रुपचा नियम एकच होता. व्हिडिओत फक्त हात दिसले पाहिजेत. तोंड दिसलं की व्हिडिओ उडाला. नियम मीच केला होता, कारण ग्रुप मीच काढला होता, आणि दुसऱ्या कुणाला ॲडमिन करायची मला मुळीच इच्छा नव्हती.

चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये दुसऱ्या मजल्यावर आमचा गाळा आहे. तिथे आम्ही बायका वेटरचे, वॉचमनचे, कुरिअरवाल्यांचे शर्ट शिवतो. मी कॉलर लावते. माझे वडील कोकणातून येऊन गिरणीत लागले, त्यामुळे कापडाशी आमचं नातं दोन पिढ्यांचं आहे, असं मी नव्या आलेल्या प्रत्येक बाईला ऐकवते. ती ‘हो का’ म्हणते आणि कामाला लागते.

मध्यंतरी मालकांनी जुनी मशीनं काढून नवी आणली. नुसतं पायाने चालवून भागेना. आकडे लावायचे, बटणं दाबायची, आणि छोट्या पडद्यावर लाल अक्षरं उमटली की मशीन रुसलं असं समजायचं. शिकवायला मशीनच्या कंपनीचा एक माणूस आला. हिंदी आणि इंग्रजीची खिचडी करून त्याने एका दुपारी सगळं भराभर सांगितलं, स्वतः मशीनला बोटही लावलं नाही, समोसा खाल्ला आणि गेला. उंटावरून शेळ्या हाकणं कशाला म्हणतात ते मी त्या दिवशी समक्ष बघितलं. गाळ्यातलं काम बघणाऱ्या आमच्या मास्तरांना विचारलं तर म्हणाले, “करून बघा, येईल.” म्हणजे त्यांनाही येत नव्हतं.

मग जिला जे जमेल ते तिने दुसरीला दाखवायचं, असं आपसूकच सुरू झालं. पण काम चालू असताना मशीन सोडून कोण कुणाकडे जाणार? म्हणून मी व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला. दोरा कसा ओवायचा, बॉबिन कशी बसवायची, मशीन रुसलं तर कुठलं बटण दाबायचं, याचे मिनिटभराचे व्हिडिओ काढायचे आणि जेवणाच्या सुट्टीत बघायचे. थोडे दिवस बरं चाललं. मग एकीच्या नवऱ्याने घरी कटकट केली, माझ्या बायकोचं तोंड कुणाकुणाच्या मोबाइलवर फिरतंय म्हणून. तेव्हापासून फक्त हात.

गंमत म्हणजे पुढे आम्हाला हातांवरूनच माणूस ओळखू यायला लागलं. करंगळीवर भाजल्याचा डाग ती मालवणची. डाव्या मनगटावर नवऱ्याचं मोठं घड्याळ ती जोगेश्वरीची. गाळ्यात आम्ही एकमेकींना अशाच हाका मारतो, नावं लक्षात ठेवण्याची भानगड नाही. फुलांचे फोटो आणि सुप्रभात पाठवणारीला मी एकदा बजावायची, दुसऱ्यांदा सरळ ग्रुपमधून काढायची. एक तर रडकुंडीला येऊन माझ्या घरी आली, तेव्हा परत घेतलं. कडक आहे मी, नाही म्हणत नाही. पण ग्रुपवर कामाचंच बोलणं राहिलं, ते त्यामुळेच.

अशात एक दिवस वर्सोव्याची आली. तिशीची असेल. तिला सोडायला तिची आई आली होती, वर्सोव्याच्या बाजारात मासळी विकणारी. मुलीला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. आई मास्तरांना म्हणाली, “मास्तर, माजे पोरीला ऐकाला येत नाय. पन तिला एकदा दाखवा, परत दाखवाला लागनार नाय.”

मास्तरांनी तिला धागा-कटिंगच्या टेबलावर बसवलं. तयार शर्टाचे लोंबणारे दोरे छोट्या कात्रीने कापायचे, बस. ते काम करता करता बाई म्हातारी होते, पण कारागीर होत नाही. आणि तिला मशीनवर बसायचं होतं. हे तिने कुणाला सांगितलं नाही, सांगावंही लागलं नाही. जेवणाच्या सुट्टीत ती काजाच्या मशीनपाशी जाऊन उभी राहायची, हात मशीनच्या वर धरायची, पण लावायची नाही.

मी तिला ग्रुपमध्ये घेतलं. ती कधी काही लिहायची नाही, पण जेवताना फोन डब्याला टेकवून ठेवायची आणि व्हिडिओतल्या हातांसारखी आपली बोटं हवेत हलवत राहायची. आमचे डबे धुऊन व्हायचे तरी तिची भाकरी तशीच. मग ती चिंध्या घेऊन एका रिकाम्या मशीनवर बसायला लागली. मास्तरांनी ते लांबून बघितलं होतं. एका हॉटेलच्या वेटरांची ऑर्डर आली तेव्हा ते म्हणाले, “या ऑर्डरला हिला काजावर बसवू. नीट झालं तर मशीन हिचं. नाही झालं तर परत धागे काप म्हणावं.” आम्ही तिला खुणांनी सांगितलं. ती इतकी हसली की मास्तरच लाजले.

आता काज म्हणजे काय, तर बटणाचं भोक. मशीन त्याच्या कडा शिवतं आणि मधे चीर पाडतं. शिवण चुकली तर उसवता येते, काज चुकलं तर शर्ट गेला. पुरुषांच्या शर्टाला काज डाव्या पट्टीवर असतात आणि बटणं उजव्या. बायकांच्या शर्टाला उलट. तुम्ही म्हणाल, एवढं कुणालाही माहीत असतं. मग आत्ता खाली न बघता सांगा बरं, तुमचं बटण कुठल्या बाजूला आहे!

हे काज कसे घालायचे त्याचा व्हिडिओ जोगेश्वरीच्या बाईने नुकताच टाकला होता. तिचे व्हिडिओ सगळ्यात छान, सावकाश, आणि बोलणं गोड. वर्सोव्याचीने तो पुन्हा पुन्हा बघितला आणि कामाला बसली. दिवसभर मान वर केली नाही. दुसऱ्या दिवशी ते शर्ट बटणाच्या मशीनवर मालवणच्या बाईकडे गेले. तिने एक उचलला, उलटासुलटा केला आणि ओरडली, “गे बाये माझे! ह्यां काय झालां? वेटरांका बायकांचे शर्ट?”

आम्ही सगळ्या हसलो. मग गठ्ठा उलगडून बघितला. सगळे काज उजव्या पट्टीवर होते. वेटरचे शर्ट बिनखिशाचे, दोन्ही बाजूंना सारखीच पट्टी, त्यामुळे नुसतं बघून कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

मास्तर बोलायला लागले. ते काय बोलले ते तिला ऐकू आलं नाही, पण त्यांचं तोंड दिसत होतं. ती उठली, फोन आणला, तो व्हिडिओ लावला आणि त्यांच्या नाकासमोर धरला. बोट दाखवून सांगत होती, असंच केलं मी, असंच. मास्तरांना वाटलं, ही उलट बोलतेय.

“मला मोबाइल दाखवतेस? या मोबाइलनेच वाट लावलीये सगळी! काढा, सगळ्यांचे मोबाइल ड्रॉवरमध्ये! आणि हिला धाग्यावर बसवा.”

ती धागा-कटिंगच्या टेबलावर जाऊन बसली. रडली नाही. नुसती हातातल्या कात्रीकडे बघत राहिली. मला रडणारी बाई परवडते, कारण तिला काहीतरी सांगता येतं. हिला काय सांगणार आणि कसं?

संध्याकाळी फोन परत मिळाले. घरी गेल्यावर मी तो व्हिडिओ लावला, आणि तिने बघितला असेल तसाच बघावा म्हणून आवाज बंद केला. बघते तर हातांनी शर्ट घेतला, उजवी पट्टी उचलली आणि मशीनखाली सरकवली. मी आवाज लावला. जोगेश्वरीची गोड आवाजात म्हणत होती, “डावी पट्टी घ्या हं बायांनो, डावी.” परत आवाज बंद केला. हातात उजवी. मला वाटलं, आता माझंच डोकं फिरलं. मग मनगट दिसलं. नवऱ्याचं घड्याळ उजव्या हातात होतं.

मी जोगेश्वरीचीला फोन लावला. “अगं, घड्याळ कुठल्या हातात घालतेस तू?”

“डाव्या. का गं?”

“मग व्हिडिओत उजव्या हातात कसं?”

ती म्हणाली, “माझा मागचा कॅमेरा फुटलाय ना. आपल्याकडे इस्त्रीला असलेल्या जावेने माझ्या खांद्यावरून पुढच्या कॅमेऱ्याने काढला. सेल्फीवाल्या.”

तो कॅमेरा आरशासारखं डावं उजवं करून दाखवतो, ते आम्हा दोघींना तेव्हा कळलं. हातच्या काकणाला आरसा कशाला, म्हणतात. इथे आरशानेच घात केला होता. आम्ही सगळ्या जणींनी तो व्हिडिओ बघितला होता आणि कुणीही चुकलं नव्हतं, कारण आम्ही हात बघितलेच नव्हते. आम्ही ऐकलं होतं. फक्त एकीने नीट बघितलं, आणि ती धाग्यावर बसली होती. मला फार वाईट वाटलं. संतापही आला, पण कुणावर काढावा ते कळेना, म्हणून भांडी आपटून घेतली.

सकाळी मशीनं सुरू व्हायच्या आत आम्ही दोघी मास्तरांपुढे उभ्या राहिलो. मी व्हिडिओ आवाज बंद करून दाखवला, मग जोगेश्वरीचीचं मनगट धरून दाखवलं. त्यांनी दोन्हीकडे बघितलं, मग स्वतःच्या घड्याळाकडेही बघून घेतलं.

“म्हणजे चूक मोबाइलची?”

“माझी, मास्तर,” जोगेश्वरीची म्हणाली. तिचे डोळे भरले होते. “तिने मी दाखवलं तेच केलं.”

“ते कळलं. पण उद्या आणखी कुणी काही उलटंपालटं दाखवलं तर? तुम्ही चुकलात तर मी ओरडून थांबवतो. हिला कसं थांबवू?” मास्तर दुष्ट नव्हते. त्यांना खरोखरच भीती वाटत होती. मग ते म्हणाले, “एक शर्ट करू दे. माझ्यासमोर. मोबाइल नाही, आणि तुम्ही कुणी खुणा करायच्या नाहीत.”

तिला मशीनवर बसवलं. आमची कामं चालू होती असं नुसतं म्हणायचं. मास्तर तिच्या मागे उभे राहिले आणि सवयीने म्हणाले, “हं, घे, सावकाश.” तिने शर्ट उचलला, दोन्ही हातांत दोन्ही पट्ट्या धरल्या आणि थांबली. तिच्या डोळ्यांनी तिला एकदा फसवलं होतं. आता त्यांच्यावर विश्वास कसा ठेवायचा, हे तिला कळत नव्हतं, आणि आम्हाला सांगायची बंदी होती. जोगेश्वरीची अर्धी उठली, तिला मी खाली बसवलं.

मग वर्सोव्याची खुर्चीवरून उठली, मास्तरांकडे वळली आणि थेट त्यांच्या छातीकडे बघायला लागली. त्यांच्या शर्टाची कुठली पट्टी वर आहे ते तिने वाकून बघितलं. तेवढ्याने समाधान होईना म्हणून हातातला शर्ट त्यांच्या अंगाला लावला, दुकानात नवऱ्याला शर्ट लावून बघतात तसा, आणि पट्टीवर पट्टी जुळवली. मास्तर न्हाव्यापुढे बसल्यासारखे हनुवटी वर करून उभे. मालवणच्या बाईने तोंडात पदर कोंबला. खात्री पटल्यावर वर्सोव्याची खाली बसली आणि तिने काज घातले. डाव्या पट्टीवर, एकाखाली एक, सरळ.

मास्तरांनी शर्ट घेतला, प्रत्येक काजात बोट घालून बघितलं आणि म्हणाले, “हं.” मग त्यांनी काजाच्या मशीनकडे बोट दाखवलं आणि तेच बोट तिच्याकडे वळवलं. एवढी खूण त्यांनाही करता आली.

मोबाइल जेवणाच्या सुट्टीपुरते सुटले. सेल्फीवाल्या कॅमेऱ्याला ग्रुपवर बंदी झाली. आणि काही दिवसांनी वर्सोव्याचीने पहिल्यांदा स्वतःचा व्हिडिओ टाकला. तिच्या हातात बांगडी नाही, घड्याळ नाही, पण बोटांवर माशांच्या काट्यांचे जुने ओरखडे आहेत, त्यावरून ओळखलं. तिने आधी आपली डावी मूठ उघडून दाखवली, मग हँगरला लावलेल्या शर्टाची डावी पट्टी, मग काज. इतकं स्वच्छ आमच्यापैकी कुणी दाखवलं नव्हतं.

त्या संध्याकाळी घरोघरी पोचल्यावर सगळ्या जणी ग्रुपवर तुटून पडल्या. एकीमागून एक आवाजी मेसेज. “झकास गं!” “मास्तरांना बरोबर उभं केलंस!” “आता मला पण शिकव.” जोगेश्वरीची तर बोलता बोलता रडली. मीही गॅसवर भात ठेवून लांबलचक बोलले, की इतकी वर्षं कापडात आहे, पण असे सरळ काज बघितले नाहीत. पाठवल्यावर माझ्या लक्षात आलं, की आपण सगळ्या मिळून हे ऐकवतोय कुणाला? मला माझीच चीड आली. सगळ्यांना झापायला मी लिहायला घेतलं, आणि तेवढ्यात तिच्या नंबरावरून आवाजी मेसेज आला. तिच्या नंबरावरून, आवाजी. माझं बोट तिथेच थांबलं.

मी तो लावला. मागे मासळीबाजाराचा गलका होता आणि आवाज तिच्या आईचा होता.

“बायांनो, मी तिची आय बोलते. पोरीनं मोबाइल माजे हातान दिला, खुना करून ईचारते, काय बोलतान त्या सांग. मी समदं ऐकलं. तिचे जल्मापासून तिचेबद्दल लोक काय बोलतान त्या मीच ऐकत आले, आनि तिला कदी सांगितला नाय. आज पयल्यांदा तिला सांगासारका काय ऐकलं.” आणि शेवटी म्हणाली, “अजून असतील तर पाठवा गो.”